ओलं कातडं घेणारा गेला, त्यानंतर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पश्चिम विस्कॉन्सिनमध्ये तुम्ही चाळीस एकर जमीन घेतली, मधून ओढा जातो आणि बीव्हरने, म्हणजे फांद्यांचे बांध घालणाऱ्या पाण्यातल्या मोठ्या कुरतडणाऱ्या जनावराने, तो अडवलाय. शेजारचे ऐंशीच्या घरातले शेतकरी फरसाठी जनावरांचे सापळे लावायला शिकवतो म्हणतात, पण लगेच हेही सांगतात की आता त्यात राम नाही, कातडं घेणारा कुणी उरला नाही. तुम्ही विचारता, एक दुकान बंद पडल्याने एवढं काय अडतं? फरचे लिलाव आहेत, इंटरनेट आहे, कुरियर आहे.

मी याच भागात एका कागद कारखान्यात नोकरी केली आणि ३१ हिवाळे सापळे लावले. त्यातले पहिले वीसेक हिवाळे सगळा माल एकाच माणसाला विकला. त्यामुळे उत्तर जरा लांबणार. हा विषयच ज्यांना नकोसा वाटतो त्यांनी इथेच थांबावं, माझी तक्रार नाही. माझी आईसुद्धा शेवटपर्यंत 'तू तिकडे थंडीत नेमकं काय करतोस' हे विचारायचं टाळायची.

माझं गाव हिंगणघाटजवळचं, कापसाचं. ज्यांनी विदर्भात खेडा खरेदी पाहिली आहे त्यांना इथला गावठी फर-व्यापारी एका वाक्यात कळेल. व्यापारी दारात गाडी आणायचा, काटा लावायचा, रोकडा हातावर ठेवायचा. भाव बाजारापेक्षा कमी, काट्यात मारामारी, सगळे त्याच्या नावाने बोटं मोडायचे आणि सगळे त्यालाच विकायचे. १९७२ पासून सरकारची एकाधिकार खरेदी आली. तिथे ग्रेडर होता, हमी होती, पण चुकारा, म्हणजे मालाचे पैसे, कधी मिळेल याचा नेम नव्हता. ज्याच्या घरी लग्न नाही तर दवाखाना निघाला आहे त्याला चुकाऱ्याची वाट पाहणं परवडत नाही. तो खेडा खरेदीवाल्याकडे जायचा. फरच्या धंद्यात लिलाव म्हणजे तो चुकारा, आणि गावातला खरेदीदार म्हणजे दारातला काटा.

पण पैसा लगेच मिळायचा ही अर्धीच गोष्ट झाली. खरी गोष्ट ओल्या कातड्याची आहे.

इथले लोक ज्याला 'ग्रीन' म्हणतात ते कातडं हिरवं वगैरे नसतं. प्राण्यावरून सोललेलं, पण चरबी न खरवडलेलं, न ताणलेलं, न वाळवलेलं म्हणजे ग्रीन. लिलावाला असं कातडं चालत नाही. तिथे तयार माल लागतो. रकून घ्या, मांजराहून मोठं, डोळ्यांभोवती काळा पट्टा असलेलं जनावर. सोलणं सरावलेल्या हाताला दहा-पंधरा मिनिटांचं काम. त्यानंतर ते लाकडी ओंडक्यावर चढवून दोन मुठींच्या सुरीने चरबी खरवडायची, आणि नोव्हेंबरातल्या रकूनच्या अंगावर चरबी किती असते हे पाहिल्याशिवाय कळणार नाही. नवशिक्याला अर्धा-पाऊण तास लागतो, त्यात दोन भोकं पडतात. मग तारेच्या चौकटीवर, केस आत आणि कातडी बाहेर असं चढवून थंड, हवेशीर खोलीत आठवडाभर वाळवायचं. घाईघाईने शेगडीजवळ ठेवलं तर चरबी कातडीत भाजते. वरून काहीच दिसत नाही, पण कमावायला गेल्यावर कातडं कागदासारखं फाटतं. उलट दुपारी ऊन पडलं आणि मेलेलं जनावर तसंच राहिलं, तर पोटावरचे केस हातात येतात.

गावचा खरेदीदार हे सगळं स्वतःच्या अंगावर घ्यायचा. ओलं घ्यायचा, गोठवलेलं घ्यायचा, न सोललेलं अख्खं जनावरसुद्धा घ्यायचा आणि त्याच्या मेहनतीचे पैसे भावातून कापायचा. म्हणून शाळकरी मुलगा सकाळी बस यायच्या आत सापळे पाहून यायचा आणि संध्याकाळी तीन मस्क्रॅट (पाण्यात राहणारं, घुशीसारखं जनावर), एक रकून घेऊन खरेदीदाराच्या शेडवर जायचा. दुधाच्या गोठ्यात दोन वेळा राबणारा शेतकरी रात्री नऊला जनावर टाकून यायचा. यांच्यापैकी कुणालाही चौकटी, सुऱ्या, थंड खोली लागत नव्हती. खरेदीदार गेला तेव्हा भाव पडला हे सगळ्यांना दिसलं. पण घरी आठ तासांचं काम वाढलं, आणि तेवढ्याने अर्धे लोक घरी बसले, हे फारसं कुणी बोललं नाही.

मी ज्याच्याकडे जायचो त्याची शेड पशुखाद्याच्या दुकानामागे होती. लाकडाची शेगडी, उकळून उकळून कडू झालेली कॉफी, आणि चरबी, देवदार, ओला कुत्रा असा मिळून एक वास. पहिल्या वर्षी मी बारा मस्क्रॅट अभिमानाने टेबलावर मांडले. त्याने एक उचलला, केसांत फुंकर घातली, आतली मऊ लव बाजूला झाली तशी खालची कातडी दाखवली. निळसर. "दोन आठवडे आधी पकडलास," म्हणाला. कातडी पांढुरकी झाली म्हणजे हिवाळी केस पूर्ण भरले, माल प्राइम झाला. निळसर म्हणजे केस अजून वाढतायत. मग दुसरा उचलला, खांद्यावरची चावल्याची खूण दाखवली. तिसऱ्याला माझ्याच सुरीचं भोक. बाराचे पैसे त्याने तीन ढिगांत मोजले, प्रत्येक ढीग का वेगळा ते सांगितलं. पुढच्या वर्षी मी दोन आठवडे थांबलो.

लिलावातूनही प्रतवारी मिळते, पण चार-पाच महिन्यांनी आणि कागदावर. त्या कागदावरून तुमच्या कोणत्या कातड्याला काय झालं होतं ते आठवत नाही. आणि कागद फुंकर घालून दाखवत नाही.

आमच्या भागातला असा माणूस निव्वळ फरवर कधीच जगत नसे. शरद ऋतूत जंगलातल्या जिनसेंग या औषधी वनस्पतीच्या मुळ्या विकत घ्यायच्या. त्याला परवाना लागतो आणि चांगल्या वर्षी फरपेक्षा त्यातच जास्त पैसा. नोव्हेंबरात हरणांच्या शिकारीचा हंगाम, तेव्हा हरणाचं कातडं आणून द्या आणि कामाच्या हातमोज्यांचा जोड घेऊन जा, हा विस्कॉन्सिनचा जुना रिवाज. बाकी वर्षभर भंगार, लोकर, शिंगं. शिवाय सापळे, साखळ्या, गंधाच्या बाटल्या विकायच्या त्या वेगळ्या. हरणाच्या कातड्याचा भाव मातीमोल झाला तेव्हाच अशा कित्येक शेडचा एक पाय मोडला होता. फरचा दुसरा पाय नंतर मोडला.

आता तो कसा मोडला. भावाची लाट या धंद्यात नवी नाही. १९७०च्या दशकाच्या शेवटी आमच्याकडे चांगल्या रकूनला २५-३० डॉलर मिळत, लाल कोल्ह्याला ५० च्या वर; तेव्हाच्या डॉलरचा विचार करा. शाळेतल्या मुलांनी त्यावर जुन्या गाड्या घेतल्या. मग ऑक्टोबर १९८७ मध्ये शेअर बाजार कोसळला, मिंकची (फरसाठी पिंजऱ्यात पाळतात त्या मुंगसासारख्या लहान प्राण्याची) शेती अफाट वाढलेली होती, फरविरोधी चळवळ जोरात होती, आणि भाव असा बसला की नव्वदचं दशक कोरडं गेलं. मी सुरुवात त्याच काळात केली, म्हणून मला पैशाची सवयच लागली नाही. २०१०च्या पुढे चीन, कोरिया आणि रशियातून मागणी आली. २०१३ मध्ये मस्क्रॅटची सरासरी दहा डॉलरच्या वर गेली, आणि ज्यांनी वीस वर्षांत सापळ्याला हात लावला नव्हता ते गराजमधले गंजलेले सापळे उकळायला लागले.

त्याच भावाने पुढची माती केली. जगभरात मिंक-शेतीचं उत्पादन वर्षाला आठ कोटी कातड्यांच्या घरात पोहोचलं. जंगली फर नेहमी मिंकच्या शेपटाला बांधलेली असते, आणि गंमत अशी की अमेरिकेत सर्वांत जास्त मिंक पिकवणारं राज्य आमचंच विस्कॉन्सिन. मिंक स्वस्त झाला की रकूनला कोण विचारतो? त्यात २०१४ च्या शेवटी रुबल घसरला. रकूनचा मोठा गिऱ्हाईक रशियाच्या बाजूचा. गावच्या खरेदीदाराची फसगत इथे होते: तो नोव्हेंबरात रोखीने घेतो आणि विकतो मार्चमध्ये, कधी जूनमध्ये. मधल्या महिन्यांतला भाव, रुबल, युआन, सगळा धोका त्याच्या फ्रीझरमध्ये पडून असतो. बँक अशा मालावर कर्ज द्यायला एकदा बिचकली की संपलं. या खरेदीदारांतले बहुतेक सत्तरीचे होते, मुलं दुसरीकडे नोकरीला. माझ्या म्हाताऱ्या खरेदीदाराने एका वसंतात फ्रीझर धुतले, आणि पुढच्या शरदात ते पुन्हा भरलेच नाहीत. समारंभ नाही, पाटी नाही.

त्यानंतर वरचे मजलेही पडत गेले. सिअ‍ॅटलचं लिलावघर २०१८ मध्ये बंद झालं. टोरांटोच्या नॉर्थ अमेरिकन फर ऑक्शन्सने, ज्याची वंशावळ १६७० च्या हडसन बे कंपनीपर्यंत जाते, ऑक्टोबर २०१९ मध्ये धनकोंपासून न्यायालयाचं संरक्षण मागितलं. २०२० मध्ये कोविडमुळे चीनचे खरेदीदार विमानातच बसू शकले नाहीत आणि त्या नोव्हेंबरात डेन्मार्कने आपले सगळे, दीड कोटीच्या वर, मिंक मारायचा निर्णय घेतला. कॅनडा गूज ही कोटांची कंपनी टोपीच्या कडेला कायोटीची, म्हणजे लांडग्याच्या छोट्या भाऊबंदाची, फर लावायची; तिच्यामुळे पश्चिमेकडचा फिकट, दाट केसांचा कायोटी शंभर डॉलरच्या वर गेला होता. जून २०२१ मध्ये तिने फर सोडत असल्याचं जाहीर केलं. कॅलिफोर्नियाने नव्या फरच्या विक्रीवर घातलेली बंदी १ जानेवारी २०२३ पासून लागू झाली. यातली एखादी घटना पूर्वीच्या काळात धंद्याने पचवली असती. पण खाली गावात माल गोळा करणारा, धरून ठेवणारा माणूस नव्हता, त्यामुळे प्रत्येक धक्का थेट सापळेवाल्याला बसला.

सापळे लावणाऱ्यांचं काय झालं? लोक म्हणतात संख्या घटली. मला संख्येपेक्षा माणसांचा प्रकार बदललेला दिसतो. हिवाळ्यात हजार-बाराशे डॉलर जोडून विम्याचा हप्ता भरणारा शेतकरी गेला, शाळकरी मुलगा गेला. हा मधला थर पूर्ण खरवडला गेला. एका टोकाला माझ्यासारखे उरले, ज्यांना पेट्रोलचा हिशोब बायकोपासून लपवावा लागतो. दुसऱ्या टोकाला पैसे घेऊन उपद्रवी जनावरं काढून देणारे. पोटमाळ्यातला रकून काढायचे तो जे पैसे घेतो त्यात मी पूर्वी महिनाभराचा माल विकला असेल. पण तो रकून जुलैतला असतो. त्याची फर निरुपयोगी, तो थेट कचऱ्यात जातो.

माझ्या मते सगळ्यात मोठा बदल हाच. जनावर मरायचं थांबलेलं नाही. मक्याच्या शेतात नासधूस झाली की शेतकरी आजही रकून मारतोच. पूर्वी तो म्हणायचा, 'थांब, नोव्हेंबरात ये, तेव्हा त्याला भाव असतो.' त्या भावाने त्याचा हात चार महिने आवरलेला असायचा. उन्हाळ्यात पिलांची आई वाचायची. आता नोव्हेंबराला काही अर्थ उरला नाही. जूनमध्ये गोळी घालतात आणि खड्ड्यात टाकतात. फरविरोधी मित्रांशी मी यावर बोललो आहे. काहींना पटतं, काहींना नाही.

तरी आमचे लोक एक बढाई मारतात तिला मी हात लावणार नाही: की सापळे थांबले म्हणून सगळी जनावरं बेसुमार वाढली. रकून वाढले, खरं आहे, आणि मग डिस्टेंपर या कुत्र्यांनाही होणाऱ्या रोगाची साथ येऊन झाडतेही. पण मस्क्रॅटचं उलटं आहे. सापळे कमी झाले आणि मस्क्रॅटही कमी झाले, खंडभर. मिसिसिपी नदीच्या ज्या दलदलीत मी लव्हाळ्याची घरटी मोजत जायचो तिथे आता मैलभर चाललो तरी एखादं दिसतं. पाणी, गवत, रोग, काय ते जाणकार शोधतायत. सापळ्याला फार श्रेय देऊ नये आणि फार दोषही देऊ नये.

बाजार गेला की सरकार खरेदीदार होतं, हे मात्र डोळ्यांसमोर घडलेलं आहे. लुईझियानात न्यूट्रिया नावाचा दक्षिण अमेरिकेचा मोठा उंदीर १९३०च्या दशकात फरसाठी आणला. १९६२ ते १९८२ या काळात किनाऱ्यावरच्या दलदलीतून वर्षाला सरासरी १३ लाख न्यूट्रिया पकडले जात होते. भाव कोसळला, लोकांनी सापळे टाकून दिले, आणि उंदरांनी दलदलीचं गवत मुळासकट खाऊन जमीन समुद्राच्या तोंडात घातली. २००२ पासून राज्य दर शेपटीला ४ डॉलर देऊ लागलं, पुढे ५, मग ६. दक्षिण डाकोटाने २०१९ मध्ये जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्यांना वाचवायला रकून, स्कंक (दुर्गंधी फवारणारं जनावर) वगैरेंच्या शेपटीला १० डॉलर लावले. पहिल्याच वर्षी पन्नास हजारांवर शेपट्या जमा झाल्या. ही खेडा खरेदीच आहे, फक्त बाकीचं जनावर फेकून देणारी. आमच्याकडे ट्राउट माशांच्या ओढ्यांतले बीव्हर काढायला सरकारी माणसं पगारावर जातात. तोच बीव्हर पूर्वी कुणीतरी परवान्याचे पैसे भरून, स्वतःच्या पेट्रोलने काढायचा.

आणि कौशल्याचा प्रश्न वेगळाच. मिसुरी राज्याने १९८२ पासून पुढची दहा वर्षं लुईझियानातून जिवंत पाणमांजरं आणून सोडली. तिथे ती जवळपास संपली होती. ती जिवंत, पाय न मोडता पकडणारे हात सापळेवाल्यांचेच होते. असे हात भाषणाने तयार होत नाहीत. आपल्याकडे फासेपारध्यांच्या घोड्याच्या केसांच्या फाशाबद्दल जुन्या माणसांकडून ऐकलं असेल. कायदा, बाजार, दिवस सगळं बदललं आणि ते बारकावे पंचाहत्तरीच्या बोटांत उरले. तिथलं कारण वेगळं, अन्यायही वेगळा आणि फार मोठा. पण बोटांचं तसंच होतं.

आता तुमचं इंटरनेट. विकता येतं, पण ओलं नाही. ओलं कातडं दोन दिवसांत सडतं. वाळवलेलं कच्चं कातडं घरच्या गिऱ्हाइकाला नको असतं, त्याला कमावलेलं हवं. कमावून आणायला रकूनच्या कच्च्या भावाच्या कित्येक पट पैसे आणि काही महिने लागतात. वर्षाला दहा-वीस कातडी, टोप्या, हातमोजे असं जत्रेत मांडून विकणारे आहेत. तो शिवणकामाचा धंदा आहे, सापळ्याचा नाही. भारतात भेट म्हणून न्यायचा विचारही करू नका. मिंक, कोल्हा आणि चिंचिलाच्या फरच्या आयातीवर भारताने जानेवारी २०१७ मध्ये बंदी घातली आहे, आणि बाकीच्या कातड्यांवरून विमानतळावर कस्टम्सच्या माणसाशी वाद घालण्यात हशील नाही.

तुमच्या बाबतीत मी असं करेन. पहिलं, ओढा अडलाय म्हणून बीव्हर मारलाच पाहिजे असं नाही. पाणी शेतात किंवा रस्त्यावर चढत नसेल तर राहू द्या, बदकं येतील. चढत असेल तर बांधातून जाळी लावलेला पाइप काढून पातळी उतरवता येते. तरीही काढायचाच असेल तर बीव्हर हे आज शिकायला सगळ्यात बरं जनावर आहे. त्याच्या आतल्या लवेपासून टोपीची फेल्ट, म्हणजे दाबून केलेलं जाड कापड, बनते, काउबॉय हॅटला मागणी आहे, त्यामुळे त्याचं कातडं अजून कुणीतरी घेतं. शेपटीजवळच्या दोन गंधपिशव्या, कॅस्टर, वाळवून वजनावर विकल्या जातात आणि बऱ्याचदा कातड्यापेक्षा जास्त पैसे देतात. शेजारचे म्हातारबा त्या फेकून देतील, देऊ नका.

विक्रीसाठी राज्याच्या ट्रॅपर संघटनेला विचारा. फिरत्या खरेदीदारांच्या गाड्या ठरलेल्या दिवशी पेट्रोल पंपाच्या मैदानात अर्धा तास थांबतात. गाडी चुकली की पुढची तारीख. काही गाड्या ओलं, गोठवलेलं घेतात, आधी फोन करून विचारा. तयार माल असेल तर कॅनडातल्या ओंटारियो प्रांतातल्या नॉर्थ बेला, सापळेवाले आणि आदिवासी यांच्या मालकीच्या लिलावघराकडे एजंटमार्फत पाठवता येतो. पाणमांजर किंवा बॉबकॅट या रानमांजराच्या नादी पहिल्या वर्षी लागू नका, त्यांचे टॅग आणि नोंदी हा वेगळा अभ्यास आहे. पहिल्यांदा परवाना घेणाऱ्याला विस्कॉन्सिनमध्ये ट्रॅपर शिक्षणाचा वर्ग सक्तीचा आहे, तो उन्हाळ्यातच उरका. जमिनीवरचे सापळे रोज पाहावे लागतात. नोकरी करून ते जमणार नसेल तर लावूच नका.

आणि शेजारच्या म्हातारबांना या आठवड्यातच भेटा. त्यांच्या गराजच्या माळ्यावर बीव्हर ताणायचे लोखंडी गोल आणि रकूनच्या तारेच्या चौकटी धूळ खात पडलेल्या असणार. मुलं घर विकायला आली की हे पहिलं भंगारात जातं. किंमत विचारा, घासाघीस करू नका, आणि उचलून आणल्यावर एक बीव्हर त्यांच्याच हाताने सोलून घ्या. पोटाच्या मधोमध सरळ चीर, पाय गोल कापून सोडवायचे. त्यांचा अंगठा कुठे असतो ते बघा.